पायाभूत घटक

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांचं जोड्यांचं दुकान आहे. दुकान ताई चालवते आणि भाऊजी दुकानात बसतात. गल्ल्यामागच्या खुर्चीत बसून जगातल्या कुठल्याही गोष्टीवर मत देणं हा त्यांचा खरा धंदा. पाण्याची टाकी कुठे बांधायला हवी होती, समोरच्या साहेबाची बदली का झाली, बर्फ पाण्यावर का तरंगतो, सगळं त्यांना ठाऊक. गिऱ्हाईक बिचारं चपलेचा नंबर विचारायला येतं आणि बर्फाचं ऐकून जातं.

दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं. बोळासारखं अरुंद, दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी रचलेली, मागे पोटमाळा, माळ्याला लावलेली लाकडी शिडी. मधोमध गिऱ्हाइकाला बसायला बाक आणि त्याच्यासमोर जमिनीलगत एक तिरका आरसा, ज्यात माणसाचे फक्त पाय दिसतात. जोडा चावतो ही तक्रार भाऊजींनी जन्मात मान्य केलेली नाही. त्यांचं म्हणणं, जोडा चावत नसतो, पाय नाजूक असतो. ‘चामडं आहे, वापरलं की सुटेल,’ एवढं बोलून ते खोकं बांधायला सांगतात. या एका ‘सुटेल’वर त्यांनी अर्ध्या गावाच्या करंगळ्या चेपल्या आहेत. माझ्याही. घरची मेहुणी म्हणून काही सूट मिळेल म्हणाल तर नाव नको.

खोकं बांधायचं कुणी? ताईने. माळ्यावरून खोकं काढायचं कुणी? ताईने. शिडी चढायची, उतरायची, गिऱ्हाइकापुढे गुडघ्यावर बसून त्याच्या पायात जोडा सरकवायचा, नंबर चुकला की परत शिडी. संसार सुरू झाल्यापासून ती हेच करत आली, आणि शेवटी उजव्या गुडघ्याने हात टेकले. सूज आली, मग कटकट आवाज यायला लागला, मग मधूनच गुडघा अडकायला लागला. आम्ही दोघी बहिणी संध्याकाळी तळ्याला फेरी मारायला जायचो. ताई माझ्यापेक्षा भरभर चालायची आणि मागे वळून मला ‘ये की गं गोगलगाय’ म्हणायची. मग फेरी अर्धी झाली, मग तळ्याच्या पायऱ्यांपर्यंत, मग बंदच. मी एकटी जाऊन बघितलं, पण मजा नाही त्यात.

मीच तिला धरून हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तपासलं, फोटो काढला आणि सांगितलं की गुडघ्यातली गादी फाटली आहे, पण अजून हातातली गोष्ट आहे. दुर्बिणीने शिवून टाकू, थोडे दिवस विश्रांती, मग मजेत चाला. मात्र उशीर करू नका, असंही बजावलं. ऑपरेशनची तारीखही दिली. घरी आल्यावर भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘सुटेल गं.’ त्या दिवशी मी हसले होते.

आणि नेमका त्याच सुमाराला दुकानात तो टायवाला उगवला. भर उन्हात गळ्याला टाय, हातात चामडी बॅग. जोडे घ्यायला आला आणि जोडे न घेताच भाऊजींसमोर एक डबा आणि एक रंगीत चित्र मांडून बसला. चित्रात डीएनएची ती पिळाची शिडी. भाऊजींनी शिडी लगेच ओळखली. दुकानातच होती, चढायचे मात्र कधी नाहीत. टायवाल्याने सांगितलं की या शिडीच्या पायऱ्या चार अक्षरांच्या आहेत, ए, टी, जी आणि सी, आणि ही अक्षरं कधी एकटी राहत नाहीत. ए नेहमी टीबरोबर, जी नेहमी सीबरोबर. भाऊजी खुर्चीत ताठ झाले. सगळी जीवसृष्टी जोड्यांवर उभी आहे, असं जोडे विकून म्हातारा होत चाललेल्या माणसाला कुणी सांगितलं तर दुसरं काय होणार. त्यांना आपल्या आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं असणार.

पण खरा घात केला तो डब्यावरच्या मजकुराने. तिथे ठसठशीत छापलं होतं, ‘न्यूक्लिओटाइड्स: डीएनए व आरएनए यांचे पायाभूत घटक’. पायाभूत. भाऊजींनी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. इतकी वर्षं पायांचा धंदा करतोय आणि पायांत असले काही घटक असतात हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही, असं त्यांना झालं. टायवाल्याच्या हे ध्यानीमनीही नव्हतं, तो आपला ताकद आणि तारुण्य विकत होता. पण समोरचा माणूस स्वतःहून पाय पुढे करतोय म्हटल्यावर त्याने का नाही म्हणावं. म्हणाला, हो साहेब, पायासाठी तर फारच उत्तम.

रविवारी मी पेपर तपासत बसले होते. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, तेव्हा रविवार असाच जातो. भाऊजी डबा बगलेत मारून हजर. बसले, पाणी प्यायले आणि वकिलासारखे विचारू लागले.

‘न्यूक्लिओटाइड हे डीएनए-आरएनएचे पायाभूत घटक आहेत की नाहीत? हो की नाही, एवढंच सांग.’

‘हो, पण...’

‘बस्स. पुढचं पण तुझ्या पोरांना शिकव.’

मी काय त्यांना सोडते. मी सांगितलं की भाऊजी, पायाभूतमधला पाया म्हणजे इमारतीचा पाया, तुमच्या दुकानातला पाय नव्हे. एक साखर, एक फॉस्फेट आणि त्या चारांपैकी एक अक्षर, असे तिघे मिळून एक न्यूक्लिओटाइड होतो, आणि असे अब्जावधी एकापुढे एक ओवले की डीएनए होतो. तो पायात असतो तसा कानात असतो, नाकात असतो, कोथिंबिरीच्या काडीत असतो, तुम्ही ज्या माशीला हाकलताय तिच्यातही असतो. आपण जेवतो त्यात हे घटक रोजच पोटात जातात, पोट त्यांचे तुकडे करतं आणि शरीर आपल्याला हवे ते बहुतेक स्वतःच घडवतं. विटा गिळून कुणाच्या पोटात घर उभं राहत नाही.

भाऊजींनी अगदी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, ‘पण पाया हा शब्द आला कुठून? पायावरूनच ना?’ आणि चालते झाले. मी कपाळाला हात लावला. मी एवढ्या रागात होते की पुढच्या पोराचे दोन मार्क उगाच कापले आणि मग परत दिले.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारात पाटी लागली. टाचदुखी, गुडघेदुखी, भेगा, पायांची आग यांवर पायाभूत घटक मिळतील, आणि खाली, ‘जीवशास्त्राच्या मॅडमकडून खात्रीशीर’. गावात जीवशास्त्राच्या मॅडम किती, तर मी एक. शाळेच्या शिपायाने मला गाठून विचारलं की मॅडम, आईच्या टाचेसाठी डबा तुमच्याकडून घेतला तर चालेल का. मी जाऊन पाटीवरची ती ओळ खडूने खोडली, तर भाऊजींनी ती पुन्हा रंगाने लिहून घेतली.

मग व्याख्यानं सुरू झाली. बर्फ मागे पडला, टाकी मागे पडली, आता बाकावर बसलेल्या प्रत्येकाला डीएनए. डीएनए म्हणजे पूर्ण जोडा, डावा आणि उजवा. आरएनए म्हणजे एकाच पायातला, जोडीदार नसलेला. आरएनएमध्ये टीच्या जागी यू असतो, त्याचंही स्पष्टीकरण तयार. आठ नंबर संपला की आपण नऊ नंबर देतो की नाही, तसं. आता खोटं कशाला बोलू, डाव्या-उजव्याचं उदाहरण इतकं नामी होतं की मी ते वर्गात वापरलं. पोरांच्या डोक्यात पक्कं बसलं. भाऊजींना मात्र मी हे अजून कळू दिलेलं नाही, नाहीतर ते शाळेत शिकवायला येतील.

इथपर्यंत सगळी करमणूक होती. आपण हसावं आणि विसरून जावं अशी. पण ऑपरेशनची तारीख जवळ आली तसा भाऊजींनी दवाखान्यात फोन केला आणि ती परस्पर रद्द करून टाकली. आधी आतून दुरुस्ती होऊ दे, कापाकापी कशाला, असं ताईला सांगितलं. तिला विचारलं नाही, सांगितलं. आणि ताईने ते मान्य केलं.

मी तिच्यावर इतकी चिडले की विचारू नका. तू काय दूधखुळी आहेस का, ती पावडर म्हणजे वाळवलेलं यीस्ट आहे, पाव फुगवतात ते, त्याने गुडघा शिवला जातो का, असं सगळं सुनावलं. ती दुकानातल्या बाकावर पाय लांब करून बसली होती आणि ऐकत होती. मग हळूच म्हणाली, ‘अगं, ते सकाळी लवकर उठतात. दूध तापवतात, पावडर घालतात, ढवळतात आणि माझ्या हातात आणून देतात.’

ज्या माणसाने संसारात बायकोला कधी पाण्याचा पेला भरून दिला नाही, तो रोज सकाळी तिच्यासाठी दूध ढवळत होता. ती पावडर पीत नव्हती, ते ढवळणं पीत होती. मला कळलं, आणि म्हणूनच जास्त राग आला.

महिने उलटले आणि गुडघा व्हायचा तसाच झाला. ताई घरचा जिना आडवी पावलं टाकत उतरायला लागली, मग बसत बसत. दुकानात खाली बसली की उठायला गिऱ्हाइकाचा हात लागायचा. भाऊजींकडे याचंही उत्तर होतं. नवीन घटक बसताहेत, थोडी कुरकूर होणारच. चामडं आहे. सुटेल. स्वतः मात्र ते तिच्या दुप्पट चमचे घेत होते, डोक्याला तरतरी येते म्हणून.

एके दिवशी सकाळीच ताईचा फोन आला. मी धावत गेले तर भाऊजी पलंगावर पाय वर करून झोपलेले आणि आवाज असा की जिन्याखालचे शेजारी वर आलेले. उजव्या पायाचा अंगठा लालभडक, टमटमीत सुजलेला. पांघरूण लागलं तरी ओरडत होते. पंखा लावला तर वाऱ्याने दुखतंय म्हणाले. काल रात्रीपासून आहे, आता सहन होत नाही, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या. मी विचारलं, दुधातून दोन चमचे देऊ का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तो अंगठा सुजवला होता.

रिक्षा दाराशी आली. भाऊजींच्या डाव्या पायात बूट, उजवा पाय उघडा. मला राहवलं नाही, म्हटलं, भाऊजी, आज आरएनए? ते हसले नाहीत. पण पुढचं बघून माझंही हसू गेलं. जिना उतरताना त्यांनी सगळा भार ताईच्या खांद्यावर टाकला. मी धरायला गेले तर ती म्हणाली, राहू दे, त्यांना माझी सवय आहे. प्रत्येक पायरीला तिचा गुडघा वाजत होता आणि प्रत्येक पायरीला ओरडत होते भाऊजी.

गावात हाडांची डॉक्टर एकच, त्याच बाई. त्यांनी अंगठा बघितला, रक्त तपासायला दिलं आणि खाण्यापिण्याचं विचारलं. ताईने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. बाईंनी मजकूर वाचला आणि चष्मा काढला. म्हणाल्या, यातल्या चार अक्षरांपैकी ए आणि जी ही दोन शरीराने मोडली की त्यांचं युरिक ॲसिड होतं. जेवणातून येतं तेवढं लघवीवाटे जातं. पण ज्याचं आधीच काठावर आहे, त्याने वर हे चमचे भरभरून खाल्ले, तर उरलेलं सुईसारखे खडे होऊन सांध्यात साचतं. बहुतेकांना पहिल्यांदा पायाच्या अंगठ्यातच.

‘म्हणजे पायात जातं,’ भाऊजी म्हणाले.

‘हो.’

‘मग मी वेगळं काय सांगत होतो?’ त्या वेदनेतही त्यांनी माझ्याकडे विजयी नजर टाकली.

खरं सांगते, क्षणभर मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. अशी निष्ठा मी शास्त्रज्ञांतही बघितलेली नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि डबा कचऱ्याच्या बादलीत टाकायला सांगितला. भाऊजींनी पहिली गोळी तिथेच, त्यांच्याच टेबलावरच्या पाण्याने घेतली. आतून दुरुस्ती होऊ द्यावी, घटक बसू द्यावेत, असलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही.

मग ताई खुर्चीतून उठायला लागली आणि तिला उठता येईना. बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं आणि ओळखलं. तारीख रद्द केलेल्या तुम्हीच ना, म्हणाल्या. ताई काही बोलायच्या आत भाऊजी बोलले.

‘तिचं जुनंच आहे हो. ती करते सहन. हा अंगठा किती दिवसांत उतरेल तेवढं सांगा.’

बाईंनी ताईला टेबलावर झोपवलं, गुडघा वाकवून बघितला, नवा फोटो काढला, जुन्याशेजारी उजेडात लावला. मग सावकाश सांगितलं की तेव्हा आला असतात तर गादी शिवून भागलं असतं. आता गादी गेली, हाडावर हाड घासतंय. सांधाच बदलावा लागेल. मोठं ऑपरेशन आहे, आणि खाली मांडी घालून, उकिडवं बसणं आता कायमचं सोडा.

परत येताना भाऊजी रिक्षात पुढे, रिक्षावाल्याच्या शेजारी बसले होते, पाय लांब ठेवायला जागा हवी म्हणून, आणि त्याला युरिक ॲसिड समजावून सांगत होते. मागे आम्ही दोघी. मी ताईचा हात धरला होता. ती बाहेर बघत म्हणाली, ‘मला वाटायचं, काही नाही तर निदान माझं दुखतं हे त्यांना कळलंय.’ मला रडू आलं. तिला आलं नाही.

दोन-तीन दिवसांत अंगठा उतरला. भाऊजी दुकानात जाऊन बसले, पाटी काढून टाकली आणि विचारणाऱ्याला सांगू लागले की माल भेसळीचा निघाला, मूळ तत्त्व बरोबरच होतं. ताईने ऑपरेशनची तारीख स्वतः फोन करून घेतली. त्या दिवसांत दुकानात कोण बसणार असं भाऊजींनी विचारलं तेव्हा तिने शिडीकडे बोट दाखवलं आणि पिशवी भरायला गेली. लग्नानंतर तिने त्यांच्या प्रश्नाला शब्दांनी उत्तर न देण्याची ही पहिलीच वेळ असावी.

ऑपरेशनच्या दिवशी भाऊजी आमच्याबरोबर आले. अंगठा कधीच बरा झाला होता, पण लंगडणं चालू होतं. इस्पितळाच्या खोलीत त्यांनी एक खुर्ची बसायला घेतली आणि दुसरी पाय ठेवायला. ताईला हिरवा झगा घातलेला, चाकांच्या पलंगावर झोपवलेलं, केस टोपीत बांधलेले. इतकी लहान दिसत होती ती. ऑपरेशनमध्ये काही कमीजास्त झालं तर, म्हणून सही घ्यायला नर्स कागद घेऊन आली आणि पेशंटबरोबर कोण आहे विचारू लागली. ताईने स्वतःची सही केली होती, घरच्या एकाची हवी होती.

‘मी आहे,’ भाऊजी म्हणाले. ‘तसा मीही पेशंटच आहे म्हणा. ए आणि जी ठाऊक आहेत ना तुम्हाला?’

नर्सला घाई होती. तिने कागद आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, घातला आणि हात पुढे केला.

‘त्यांना नका देऊ,’ ताई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. भाऊजींना वाटलं ती गुंगीत बोलतेय. नर्सला म्हणाले, अजून इंजेक्शन दिलं नाही ना? मग तिच्याकडे वळून म्हणाले, ‘अगं, मी नवरा आहे तुझा.’

‘म्हणूनच मागच्या वेळी तुम्ही ठरवलंत,’ ताई म्हणाली. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. ‘सही तू कर.’

भाऊजींचा हात तसाच पुढे राहिला. नर्सने तो ओलांडून कागद मला दिला आणि नातं विचारलं. मी ‘बहीण’ लिहिलं, सही केली, आणि पलंग बाहेर ढकलायला मीही एका बाजूने हात लावला.